ऑक्सफर्ड-प्रतिज्ञा आणि युद्धविरोधी विद्यार्थी-चळवळ (१९३३–१९४१)

विद्यार्थ्यांच्या शांतता-चळवळींच्या इतिहासात ९ फेब्रुवारी १९३३ या दिवसाचा निर्देश अपरिहार्यपणे येतो. त्या दिवशी 'ऑक्सफर्ड युनियन' या वादसभेने 'ही सभा आपल्या राजासाठी व देशासाठी कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही' हा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. वादसभेचे ठराव कोणावरही बंधनकारक नसतात. तथापि, वृत्तपत्रांतून गहजब उडाला. २ मार्च रोजी विन्स्टन चर्चिल यांचे पुत्र रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने हा ठराव सभेच्या दप्तरातून काढून टाकण्याची सूचना आली. ती १३८ विरुद्ध ७५० मतांनी फेटाळली गेली. ही ७५० मते युद्धविरोधाची होती असे मात्र समजू नये. बाहेरच्या दडपणाखाली सभेने आपला निर्णय पुसून टाकावा काय, हा त्या दिवशीचा प्रश्न होता.

या ठरावाचे मर्म त्याच्या शब्दरचनेत आहे. 'राजा व देश' ही जोडी १९१४ सालच्या सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकांवर झळकलेली होती. तिच्या हाकेला ओ देऊन गेलेली पिढी खंदकांत नष्ट झाली, ही जाणीव १९३३ च्या विद्यार्थ्यांना बालपणापासून होती. म्हणजे ठरावाच्या एका भागाचा रोख एका विशिष्ट घोषणेवर होता. 'कोणत्याही परिस्थितीत' हा दुसरा भाग मात्र सर्वस्वी निराळ्या जातीचा होय. पहिला भाग अनुभवातून निघालेला, दुसरा भविष्यकाळाला बांधून टाकणारा. घोषणेचा वीट आलेला मनुष्य सर्व युद्धांचा विरोधक असतोच असे नाही. पण मतदानात हा भेद दाखविण्यास जागा नव्हती.

अटलांटिकपार जाताना या वाक्याचे रूप पालटले. अमेरिकेत राजा नव्हता. त्यामुळे 'अमेरिकेचे सरकार जे कोणतेही युद्ध करील त्यात आम्ही त्याला साहाय्य करणार नाही' अशी रचना रूढ झाली. येथे दोन गोष्टी घडल्या. जुन्या घोषणेवरील उपरोध गळून पडला. आणि 'ही सभा' या तृतीयपुरुषी कर्त्याच्या जागी 'आम्ही' आले. ठरावाची प्रतिज्ञा झाली. ठराव सभेचा असतो, प्रतिज्ञा ती घेणाऱ्याची असते.

अमेरिकेने पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१७ मध्ये प्रवेश केला होता. त्या घटनेच्या स्मरणार्थ १३ एप्रिल १९३४ रोजी सुमारे २५,००० विद्यार्थी तासाभरासाठी वर्गाबाहेर पडले. पुढील वर्षी ही संख्या दीड लाखाच्या वर गेली. डिसेंबर १९३५ मध्ये कोलंबस येथे दोन विद्यार्थी-संघटनांच्या एकीकरणातून 'अमेरिकन स्टुडंट युनियन' स्थापन झाली व तिने ही प्रतिज्ञा स्वीकारली.

जुलै १९३६ मध्ये स्पेनचे यादवी युद्ध पेटले आणि प्रतिज्ञेची कसोटी लागली. फ्रँकोच्या बंडाविरुद्ध लढणाऱ्या प्रजासत्ताकाविषयी या विद्यार्थ्यांना उत्कट सहानुभूती होती; काही जण स्वयंसैनिक म्हणून स्पेनमध्ये लढावयास गेले. आपल्या सरकारच्या प्रत्येक युद्धाला नकार देणाऱ्यांनी आक्रमकाविरुद्ध सामुदायिक सुरक्षिततेची मागणी त्याच सरकारकडे कोणत्या तोंडाने करावी? डिसेंबर १९३७ मध्ये व्हॅसार महाविद्यालयातील अधिवेशनात संघटनेने प्रतिज्ञा सोडून सामुदायिक सुरक्षिततेचे धोरण स्वीकारले. निष्ठावंत शांततावाद्यांना हा विश्वासघात वाटला. ऑगस्ट १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत करारानंतर संघटनेने पुन्हा दिशा बदलली. या वेळी बदलामागे अनुभव नव्हता, पक्षनिष्ठा होती. सभासद दुरावले आणि १९४१ पर्यंत संघटना संपुष्टात आली.

ऑक्सफर्डच्या ठरावामुळे हुकूमशहांना इंग्लंड दुर्बळ वाटले, असा आक्षेप विन्स्टन चर्चिल यांनी १९४८ साली आपल्या युद्धेतिहासात नोंदविला. एखाद्या सरकारने या ठरावावर विसंबून आपले धोरण ठरविल्याचा निर्णायक पुरावा मात्र आढळत नाही. शिवाय त्याच पिढीतील असंख्य तरुण १९३९ नंतर सैन्यात गेले. तेवढ्यावरून त्यांचा पूर्वीचा नकार दांभिक ठरत नाही. १९१४ ची घोषणा त्यांनी नाकारली होती आणि ती नाकारण्यास सबळ कारण होते. चूक झाली ती या नकाराला 'कोणत्याही' हे विशेषण जोडण्यात. परंतु हेही ध्यानात ठेवले पाहिजे, की या एका विशेषणावाचून तो नकार वादसभेच्या भिंतींपलीकडे क्वचितच ऐकू गेला असता.