मोजपट्टीपासून ट्रॅकिंगपर्यंत

१/५ वर्ष १८५८. प्रशियातील वेट्झलार येथील कॅथेड्रलची मोजणी करताना २४ वर्षांचे आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर उंचावरून पडता पडता वाचले. जीव धोक्यात घालून घेतलेली ही मापे छायाचित्रावरून का घेता येऊ नयेत, हा विचार तिथे जन्मला.

२/५ एकच बिंदू दोन ठिकाणांहून टिपला, की दोन दृष्टिरेषांच्या छेदात त्याचे स्थान सापडते. हीच फोटोग्रामेट्री. १८८५ मध्ये बर्लिनला तिच्यासाठी सरकारी संस्था उभी राहिली. पुढे महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या कित्येक वास्तूंची मापे तिच्या काचपट्ट्यांवर शिल्लक राहिली.

३/५ चित्रपटातील कॅमेरा ट्रॅकिंग याच भूमितीवर उभे आहे. दृश्यातील स्थिर बिंदू प्रत्येक चौकटीत कसे सरकतात, यावरून कॅमेऱ्याची वाट शोधली जाते. जवळचा बिंदू झरझर सरकतो, दूरचा संथ; या फरकातूनच खोली उमगते.

४/५ चेहरा मात्र स्वतःच हलतो. म्हणून ‘अवतार’च्या (२००९) कलाकारांच्या चेहऱ्यावर ठिपके रंगवून समोरचा छोटा कॅमेरा डोक्यालाच जोडला गेला. डोक्याबरोबर कॅमेराही वळत असल्याने चित्रात उरते ती भावमुद्रेची हालचाल.

५/५ ही विद्या शिकणाऱ्याची पहिली कसोटी बिंदूंच्या निवडीत लागते. डोलणारे पान आणि पाण्यावरची चकाकी फसवतात. दगडी भिंतीचा कोपरा साथ देतो. वेट्झलारच्या दगडांचा धडा आजही तोच आहे.