एका घोड्यावर दोघे : टाकाची कुळकथा

"जोडी करू का एकटा?" सोनाराने विचारले.

भाच्याला प्रश्नच कळला नाही. तो माझ्याकडे बघू लागला. हैदराबादेत नोकरी लागलेली, दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या, बायको आणि सात महिन्यांचे लेकरू घेऊन पुढच्या आठवड्यात बिदर जिल्ह्यातली भालकी सोडायची. आईने बजावले होते की घरचे देव थोरल्याकडे राहणार, तू तुझे नवे टाक करून घे. म्हणून आम्ही सराफ्यात आलो होतो. सोनाराने फडक्यातून दोन ठसे काढून काचेवर ठेवले. एकावर तलवार उगारलेला एकटा स्वार. दुसऱ्यावर त्याच घोड्यावर दोघे, खंडोबा आणि म्हाळसा. खाली कुत्रा, टापांखाली दैत्य.

"लेकरू झालंय ना? मग जोडीच न्या," सोनाराने स्वतःच निकाल दिला.

बाळाच्या अंगावरच्या झबल्यावर लाल झूल पांघरलेला कुणी परदेशी सुपरहिरो छापलेला होता, मूठ वळून आभाळात निघालेला. त्याला बायको आहे की नाही, भाड्याने घर मिळाले की नाही, हे काही झबल्यावर कळत नव्हते. ठशावरच्या जोडीबद्दल मात्र आमच्याकडे बारीकसारीक सगळे माहीत असते. लग्न कुठे झाले, भांडण कशावरून झाले, घर किती वेळा बदलले. त्यातले काही पुराणात आहे, काही वाघ्या-मुरळीच्या जागरणात, आणि काही नुसतेच बायकांच्या बोलण्यात.

आधी टाक म्हणजे काय ते. बोट-दोन बोटे उंचीचा चांदीचा, क्वचित सोन्याचा, गरिबाघरी पितळेचा वा तांब्याचा पातळ पत्रा. ठशावर ठोकून उठवलेला देव. ओतीव मूर्तीला धातू फार लागतो, टाकाला अगदी थोडा. कित्येक टाकांच्या पाठीला आधाराला तांब्याचा पत्रा असतो. बिदर म्हटले की लोकांना बिदरी आठवते, जस्ताच्या काळ्या अंगावर चांदीची तार ठोकून बसवलेली, किल्ल्यातल्या मातीने काळी केलेली. हुक्क्याची बुडे, सुरया, पानदाने. ती दरबाराची कला. टाक त्याच मुलखातला, पण त्याला दरबार कधी लागला नाही. टाक हा शब्द 'टंक' म्हणजे ठसा, नाणे, याच्या घरातला दिसतो. टांकसाळीतली 'टांक'ही तीच. नाणे आणि देव दोन्ही ठशातून निघतात, दोन्ही कनवटीला लावून नेता येतात. नाण्यावर राजाची खूण, टाकावर कुळाची.

देव्हाऱ्यातल्या टाकांत खंडोबा-भवानीच्या शेजारी आणखी एक मंडळी बसते: घरातले पितर आणि वीर. लढाईत पडलेला, किंवा ऐन उमेदीत अपघाती गेलेला पूर्वज टाकावर येतो आणि देवाच्या मापाचा होऊन त्याच ताम्हनात अंघोळ करतो. इथेच टाकाचे कूळ उघडे पडते असे मला वाटते. बिदर, कलबुर्गी, सोलापूर, लातूर या पट्ट्यात गावाच्या वेशीवर, मारुतीच्या देवळापाशी वीरगळ उभे असतात. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगासमोर हात जोडलेला वीर. त्या तळाच्या चौकटीतला घोडा, उगारलेले शस्त्र, पायाखालचा शत्रू एवढेच कापून घ्या आणि चांदीवर उतरवा. टाक तयार.

फरक एकच, पण तो मोठा आहे. वीरगळात बाई असते ती बहुधा अप्सरा म्हणून, म्हणजे वीर मेल्यावर. शेजारच्या सतीशिळेवर वीराच्या बायकोचा बहुधा नुसता हात असतो, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला. टाकावर बाई जिवंत आहे. नवऱ्याबरोबर घोड्यावर बसली आहे. जुन्या छापील चित्रांत तर तिच्या हातात भाला आहे आणि तो तिने दैत्याच्या छातीत खुपसला आहे. मध्ययुगातल्या दगडांनी बाईला सहसा दिले नाही ते खंडोबाच्या टाकाने दिले, असे म्हणायला मी तयार आहे.

घोड्याचीही एक गोष्ट आहे. ती 'मल्हारी माहात्म्या'त येते. ते स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवते, पण त्या पुराणाच्या प्रचलित प्रतींत ते नाही. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी त्याचा काळ साधारण 1460 ते 1510 असा धरला. सिद्धपाल केसरीचे मराठी रूप 1585 चे. त्यातली कथा सर्वांना ठाऊक आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळले, शंकराने मार्तंडभैरवाचे म्हणजे खंडोबाचे रूप घेतले, मार्गशीर्षात चंपाषष्ठीला दोघांना मारले. मरताना मणीला पश्चात्ताप झाला. त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि तुझ्या प्रत्येक ठाण्यात मला जागा दे, असा वर मागितला. मल्लाचे नाव देवाच्या नावात शिरले. म्हणजे टाकावर ज्या घोड्यावर जोडी बसली आहे तो शत्रूचा घोडा. मला ही तपशिलाची बाब फार आवडते. नवा संसार बहुधा दुसऱ्याच्या सामानावरच उभा राहतो.

या ग्रंथात देवाचे पहिले ठाणे प्रेमपूर. लोकांच्या तोंडी ते पेंबर झाले. ते म्हणजे आदिमैलार, बिदरहून उदगीरकडे जाताना लागणारे भालकी तालुक्यातले खानापूरचे मैलार, हे मत बहुतेकांनी मानले आहे. आज त्याच खानापूर स्टेशनावरून हुमनाबादमार्गे कलबुर्गीला जाणारी रेल्वे फुटते. ती 2017 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. इथे देवाला मैलार मल्लण्णा म्हणतात. भंडारा मात्र तोच, आणि आरोळीही तीच. 'येळकोट येळकोट' हे आपल्याला मराठी वाटते, पण कानडीत 'एळु' म्हणजे सात आणि 'कोटी' म्हणजे कोटी. सात कोटी सैन्य घेऊन आलेला देव. कानडी भक्त एळुकोटी म्हणतो, मराठी भक्त येळकोट, आणि मध्ये बसलेल्या आमच्यासारख्यांना दोन्हींत कुठे सांधा आहे ते शोधावे लागत नाही.

1956 च्या 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्यातला जुना बिदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद-नारायणखेडची बाजू आंध्रात, भालकी-हुमनाबादसकट बिदर म्हैसूर राज्यात. देव म्हैसुरात, त्याची निम्मी कुळे मुंबई राज्यात. टाक होते म्हणून कुणाचे फारसे अडले नाही. मूळ ठाणे हद्दीपलीकडे गेले तरी प्रत्येकाच्या घरी त्याची चांदीची प्रत होतीच.

पण हा देव मुळातच एका जागी टिकणारा नव्हे. आदिमैलारहून नळदुर्ग, सातारा जिल्ह्यातले पाल, मग जेजुरी, असा त्याचा प्रवास सांगतात. पालीला पौषात त्याचे लग्न लागते, दर वर्षी नव्याने. म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक. (गोव्यातल्या म्हार्दोळची म्हाळसा नारायणी निराळी, ती मोहिनी, मात्र नेवाशात मोहिनीराजही आहे, त्यामुळे हा गुंता वाटतो तितका सोपा नाही. तो इथे नको.) नळदुर्ग आणि अणदूर या शेजारच्या गावांचे तर नवलच आहे. दोन देवळे, पण देव एक. सव्वादहा महिने तो अणदुरात असतो, पावणेदोन महिने नळदुर्गात, आणि न्यायच्या वेळी दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. भाडेकराराचे कागद काढताना भाच्याने कपाळाला हात लावला होता. मी त्याला म्हटले, देवालाही चुकले नाही बाबा.

आणि बानू. सारीपाटात म्हाळसेकडून हरला म्हणून देव बारा वर्षे घराबाहेर पडला आणि वेष पालटून धनगराकडे चाकरीला राहिला. मेंढरे राखली, मेलेली मेंढरे उठवली आणि धनगराची बानू मिळवली. ती बानूही त्या धनगराची पोटची नव्हे. इंद्राची लेक, त्याला रानात सापडलेली तान्ही, त्याने लेक म्हणून वाढवलेली. जागरणात या भागाला फार रंग चढतो, कारण पुढे दोन सवतींचे भांडण येते. जेजुरीला बानूचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. एका छपराखाली जमले नाही, त्याची दगडी नोंद. कानडी मुलखात हीच जोडी गंगीमाळव्वा आणि कुरुबत्त्यव्वा, तेलंगणात कोमुरवेल्लीच्या मल्लण्णाजवळ मेडलम्मा आणि केतम्मा. एकीचे माहेर गावातले, दुसरीचे रानातले. तीन भाषांतल्या लोकांनी एकच संसार आपापल्या नावाने मांडला आहे.

टाकावर मात्र मूल नाही. शेकडो टाक पाहिले, घोड्यावर दोघेच. बाळ असते ते टाकाच्या अलीकडे, आपल्या बाजूला. मूल होत नसेल तर नवस खंडोबाला, झाले की ते देवाच्या पायावर घालायचे, कपाळाला भंडारा लावायचा. खंडू, मल्हारी, मार्तंड, मैलारप्पा, मल्लप्पा अशी नावे या पट्ट्यात घराघरांत सापडतील. याच नवसाचे दुसरे टोक कडू आहे. पहिला मुलगा देवाला सोडून वाघ्या, मुलगी सोडून मुरळी. वाघ्या पुढे संसार करी. मुरळीचे लग्न देवाशी लावत, आणि माणसांच्या जगात तिला नवऱ्याचे घर मिळत नसे. कर्नाटकात 1982 च्या कायद्याने आणि महाराष्ट्रात 2005 च्या कायद्याने देवाला मुली वाहणे बंद केले. घोड्यावर म्हाळसेला शेजारी बसवणाऱ्या परंपरेने मुरळीला मात्र पायीच ठेवले. टाकाचे कौतुक करताना हे झाकून ठेवणे मला जमणार नाही.

दगडी ठाणे, वीरगळ हे सगळे एका जागी रोवायचे. टाक हा निघालेल्या माणसाचा देव. भाऊ वेगळे झाले, पोटासाठी गाव सोडले, की धाकटा नवे टाक करतो. पण सोनाराकडून आणलेला टाक हा अजून नुसता दागिना असतो. त्याला मूळ ठाण्यावर नेऊन देवाशी 'भेटवावे' लागते. तिथे अंघोळ, भंडारा, तळी झाली की मग तो घरात बसतो. जेजुरीला नवी जोडपी जातात तेव्हा नवरा बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो. पराक्रमाची एवढीच परीक्षा माणसाला पुरते.

आम्ही जेजुरीपर्यंत गेलो नाही. खानापूर वाटेवरच होते. भाच्याने टाक डब्यातून काढून पुजाऱ्याच्या हाती दिला, भाचेसुनेने बाळ पायरीवर ठेवले. बाळाने हात घालून मूठभर भंडारा उचलला आणि थेट तोंडात घातला. पुजारी कानडीत काहीतरी म्हणाला आणि हसला. झबल्यावरचा लाल झुलीचा वीर तोवर पुरता पिवळा झाला होता.

हैदराबादेत तळी उचलायला माणसे कुठून आणायची हा प्रश्न होता. ताम्हनात खोबरे, सुपारी, पाने, भंडारा घेऊन ती विषम संख्येने उचलायची असते. भाच्यासकट घरचे तिघे होते. शेजारचे दोघे तेलुगू आले. त्यांनी टाक पाहिला, "मल्लण्णा" म्हणाले आणि ताम्हनाला हात लावला.

एक विनंती आहे. टाक रोजच्या पाण्याने आणि घासण्याने झिजतो, देवाचे नाक-डोळे बुजतात, मग तो 'उजळायला' सोनाराकडे जातो. जुना आटवतात, नवा उठवतात. कुणी झिजलेला टाक नदीत सोडतो. म्हणूनच फार जुने टाक घरात उरत नाहीत आणि त्यांचा इतिहास सांगताना आमच्यासारख्यांना वीरगळापासून सुरुवात करावी लागते. तुमच्या देव्हाऱ्यात आजीच्या वेळचा टाक असेल तर सोनाराच्या हाती देण्याआधी त्याचा पुढून आणि पाठीमागून फोटो काढा, तो कुठल्या गावाहून कुठल्या गावी आला ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून फोटोखाली लिहून ठेवा.