मसल आणि मूषक

मूठ आवळून हात कोपरांत दुमडला म्हणजे दंडावर एक उंचवटा टुणकन् वर येतो. आपण त्याला बेटकुळी म्हणतों, आणि त्या नांवांत बेडकी दडलेली आहे. रोमन लोकांना तेथें उंदीर दिसला. लॅटिनमध्यें उंदराला 'मूस' व लहानशा उंदराला 'मुस्कुलुस' म्हणत. तेंच नांव कातडीखालीं पळणाऱ्या मांसाला मिळालें, आणि फ्रेंचच्या वाटेनें चौदाव्या शतकाच्या अखेरीस तें 'मसल' या रूपानें इंग्रजींत आलें. त्याच्या स्पेलिंगमधलें सी हें अक्षर मुलांना फार छळतें. उच्चारांत तें मुकें. पण 'मस्क्युलर' म्हणतांच त्याला वाचा फुटते. मुस्कुलुसमधला क तो हाच.

ही कल्पना एकट्या रोमची नव्हे. ग्रीकांत उंदीर व स्नायू यांना एकच शब्द होता. डॉक्टरांच्या 'मायोकार्डियम'मधला 'मायो' तो. प्राचीन इंग्रजींतील 'मूस' याचेहि हेच दोन अर्थ होत. रशियनमध्यें उंदीर 'मिश' व स्नायू 'मिश्त्सा'.

आतां आपला मूषक आठवून कोणी म्हणेल, हें सारें संस्कृतांतूनच गेलें! हा मोह आवरला पाहिजे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास सांगितलें तें असें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एखाद्या समान मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, आणि ती भाषा कदाचित् आज उरलेली नसेल. म्हणजे मूषक हा 'मूस'चा बाप नव्हे, भाऊ आहे.

आमच्या शरीरशास्त्रकारांना दंडांत उंदीर दिसला नाहीं. सुश्रुतानें पांचशें पेशी मोजल्या. स्नायु म्हणजे त्याच्या मतें बांधून ठेवणारे दोर, ते नऊशें. आज मराठींत स्नायू मांसाला लागला आहे आणि पेशी 'सेल'कडे गेली आहे. ही अदलाबदल मला तरी गैरसोयीची वाटते.

तथापि संस्कृतांतहि एका अवयवाला उंदराचें नांव मिळालेंच. वृषणाला 'मुष्क' म्हणतात. मूळ अर्थ छोटा उंदीर. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीच्या आकारावरून हा शब्द फारसींत 'मुश्क' होऊन कस्तुरीला लागला, असें बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. तेथून ग्रीक, लॅटिन व फ्रेंच असा प्रवास करून तो इंग्रजींत 'मस्क' झाला. 'मसल' हा केवळ भाऊबंद. 'मस्क' मात्र खरोखरच इकडून गेलेला.