सावज आणि पल्ला : एका शिकारनियमाची कुळकथा

मोठ्या जनावराची शिकार करताना बार किती अंतरावरून टाकावा, हा अमेरिकेतील शिकारी वर्तुळांत आज वादाचा विषय असला, तरी ज्यांनी तेथील शिकारीचे नीतिनियम प्रथम लेखी स्वरूपात मांडले, त्यांनी अंतराचा उल्लेखही केलेला नव्हता. हे त्यांचे दुर्लक्ष नव्हते. त्यांच्या काळातील बहुतेक शिकाऱ्यांच्या हाती असलेल्या बंदुकांचा पल्लाच इतका बेताचा होता, की अंतर हे सावजाचे आपसूक मिळालेले संरक्षण होते आणि जे निसर्गतःच राखले जात होते ते राखण्यासाठी नियम करण्याची गरज कोणाला भासली नव्हती. पुढे तंत्रज्ञानाने हे संरक्षण टप्प्याटप्प्याने काढून घेतले. लांब पल्ल्याच्या शिकारीवरील आक्षेपाचा इतिहास पाहायचा, तर एक वंशावळ नियमाची आणि दुसरी बंदुकीची अशा दोन वंशावळी पाहाव्या लागतात.

नियमाचा उगम बाजारासाठी होणाऱ्या कत्तलीविरुद्धच्या संतापात आहे. १८७० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर बायसनची, म्हणजे तेथील रानगव्याची, कातड्यासाठी जी संहारक शिकार झाली, तिच्यात धंदेवाईक शिकारी वाऱ्याच्या उलट बाजूस, कळपापासून दोन-तीनशे यार्डांवर (एक यार्ड म्हणजे तीन फूट) बसत आणि जड शार्प्स रायफल आडव्या बांधलेल्या दोन काठ्यांच्या बेचक्यात टेकवून कळपाचे नेतृत्व करणाऱ्या गायीच्या फुफ्फुसांवर पहिली गोळी झाडत. फुफ्फुसांत गोळी लागलेले जनावर उधळत नाही, काही पावले चालून थांबते, आणि धोका कोणत्या दिशेने आला हे न कळल्यामुळे उरलेला कळप त्याच्याभोवती घुटमळत राहतो. मग कळप सोडून निघू पाहणारे प्रत्येक जनावर एकेक करून टिपता येते. अंतराचा उपयोग येथे नेमबाजीचे कौशल्य दाखवण्यासाठी होत नव्हता, तर सावजाला संकटाची चाहूल लागू नये एवढ्यासाठी होत होता, ही बाब पुढील वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. विल्यम हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये केलेल्या मोजदादीत एकेकाळी कोट्यवधींनी असलेल्या बायसनपैकी हजाराच्या आसपास जनावरे उरल्याचे दिसून आले.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकाचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल आणि इतर स्नेह्यांसह न्यूयॉर्क येथे बून अँड क्रॉकेट क्लबची स्थापना केली. क्लबच्या घटनेत सदस्यत्वासाठी जी अट घालण्यात आली तिच्यात ‘फेअर चेस’, म्हणजे सावजाला निसटण्याची खरी संधी देणारा पाठलाग, ही संज्ञा आली, आणि तिची व्याख्या काय करावे यापेक्षा काय करू नये या अंगाने करण्यात आली. सापळ्यात अडकलेले अस्वल, लांडगा किंवा कूगर मारणे, रात्री उजेडाने डोळे दिपवून हरीण टिपणे, खोल बर्फात रुतलेल्या मूस किंवा एल्क या मोठ्या हरणांना गाठणे आणि पाण्यात पोहणाऱ्या जनावराला होडीतून मारणे हे सर्व प्रकार त्यात निषिद्ध ठरले. या यादीतील प्रत्येक प्रकारात सावजाचे पाय, डोळे किंवा भोवतालची जमीन त्याच्या उपयोगी पडेनाशी होते, आणि हेच त्या सर्वांना जोडणारे सूत्र आहे.

बंदुकीच्या वंशावळीची सुरुवात रानात नव्हे, तर मैदानावरील लक्ष्यांपासून होते. १८५५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे विल्यम माल्कम हे रायफलवर बसवण्याच्या दुर्बिणी तयार करू लागले होते. १८६० मध्ये इंग्लंडमधील विम्बल्डन येथील नेमबाजी मेळाव्याचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढून, ४०० यार्डांवरील लक्ष्यावर गोळी झाडून केले. आणि २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर मैदानावर आयरिश व अमेरिकी संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून झालेला सामना अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ अशा निसटत्या गुणांनी जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये टेक्ससमधील अ‍ॅडोबी वॉल्स येथील चकमकीत बायसनचा शिकारी बिली डिक्सन याने दूरच्या टेकडीवरील एका मूलनिवासी योद्ध्याला टिपले. ते अंतर पुढे १५३८ यार्ड म्हणून गाजले, मात्र खुद्द डिक्सनने तो बार नशिबाने लागल्याचे मान्य केले होते. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूररहित दारू शोधली, तेव्हा गोळीचा वेग वाढून तिचा मार्ग पुष्कळसा सपाट झाला, आणि विसाव्या शतकातील शिकाऱ्याच्या दृष्टीने तीनशे यार्डांवरील बार ही आवाक्यातली गोष्ट झाली.

तरीही या प्रगतीला एक नैसर्गिक बांध होता, तो म्हणजे अंतराचा अचूक अंदाज येत नसणे. दरीपलीकडच्या उतारावर उभे असलेले हरीण ४५० यार्डांवर आहे की ५५०, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही, आणि गोळी जसजशी दूर जाते तसतशी ती अधिक झपाट्याने खाली पडत असल्याने या चुकीची किंमत अंतराबरोबर वाढत जाते. १९९० च्या दशकात लेझर किरणांनी अंतर मोजणारी खिशात मावणारी उपकरणे सर्वसामान्य शिकाऱ्याला परवडू लागली, दुर्बिणीवर उंची जुळवण्यासाठी आकडे कोरलेल्या फिरत्या चकत्या आल्या, आणि हवेचा दाब व तापमान ध्यानात घेऊन गोळीचा मार्ग सांगणारी गणिते मोबाइलवर होऊ लागली. २००७ मध्ये बाजारात आलेल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसाला त्या जुन्या मैदानाचे नाव देण्यात आले. लक्ष्यभेदासाठी आखलेले हे काडतूस थोड्याच वर्षांत शिकारीसाठीही लोकप्रिय झाले, आणि कागदावर घडलेले कौशल्य अशा रीतीने जिवंत जनावराकडे वळले.

या काडतुसाचेच उदाहरण घेतले, तर अडचण कोठे आहे हे स्पष्ट होते. १४० ग्रेन वजनाची त्याची गोळी ५०० यार्ड जाण्यास सुमारे दोन-तृतीयांश सेकंद आणि १००० यार्ड जाण्यास सुमारे दीड सेकंद घेते. १०० यार्डांवर नेम जुळवलेली रायफल तशीच वापरली, तर १००० यार्डांवर गोळी सुमारे २५ फूट खाली उतरलेली असते, आणि तेवढ्या अंतरावर २० यार्डांची चूकही गोळीला वीतभर वरखाली करते. उंचीचे हे गणित उपकरणाने सुटते, वाऱ्याचे सुटत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा गोळीला ५०० यार्डांवर सुमारे सव्वा फूट आणि १००० यार्डांवर जवळपास सहा फूट बाजूला ढकलतो, आणि शिकाऱ्याजवळचे वायुमापक त्याच्या पायाशी वाहणारा वारा सांगते, मधल्या दरीतला सांगत नाही. हृदय आणि फुफ्फुसे मिळून हरणाच्या अंगावरील मर्मस्थान जेमतेम आठ ते दहा इंच रुंदीचे असते. त्यातच चाप ओढल्यानंतर चरणाऱ्या जनावराने एकच पाऊल पुढे टाकले, तर फुफ्फुसांवर धरलेली गोळी पोटात शिरते, जनावर तासन्‌तास तडफडत राहते, आणि ते कोठे उभे होते ती जागा दरी ओलांडून शोधेपर्यंत रक्ताचा मागही हाती लागत नाही.

लांब पल्ल्याचे समर्थक यावर जे उत्तर देतात ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही. वर्षभर सराव करणारा नेमबाज ५०० यार्डांवरून जितका अचूक असतो तितका हंगामापुरती बंदूक हाती घेणारा शिकारी १५० यार्डांवरूनही नसतो, आणि घाबरून पळणाऱ्या जनावरावर जवळून टाकलेला घाईचा बार शांतपणे उभ्या असलेल्या जनावरावरील दूरच्या बारापेक्षा अधिक क्रूर ठरू शकतो, हे त्यांचे म्हणणे वेदनेच्या हिशेबात खरेच आहे. मात्र आक्षेपाची मुळे केवळ वेदनेच्या हिशेबात नाहीत. बून अँड क्रॉकेट क्लबने या शतकात या विषयावर जी भूमिका जाहीर केली, तिच्यात यार्डांचा आकडा न देता हेतूवर बोट ठेवले: आपले साहित्य किती दूरवर चालते हे जिवंत जनावरावर तपासणे हाच उद्देश असेल आणि सावजाच्या जवळ जाण्याचा धोका पत्करण्याची तयारीच नसेल, तर त्या कृतीला शिकारीचा दर्जा देता येत नाही, कारण त्यात जनावराची ज्ञानेंद्रिये निरुपयोगी ठरतात. बायसनच्या कळपासमोर बसलेल्या धंदेवाईक शिकाऱ्याला अंतराने जे मिळवून दिले होते, नेमके तेच येथे आक्षेपार्ह ठरले आहे.

कायद्याला मात्र हेतू मोजता येत नाही, म्हणून तो आडवळणाने जातो. अमेरिकेतील आयडाहो राज्यात दुर्बीण व पट्ट्यासह १६ पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वासात किलोंहून, जड बंदूक मोठ्या जनावरांच्या शिकारीस वापरण्यास मनाई आहे; अतिदूरच्या नेमासाठी लागणारी जाड नळीची रायफल खांद्यावर घेऊन रान तुडवता येत नाही, हे या नियमामागील व्यावहारिक निरीक्षण आहे. जर्मनीच्या शिकार कायद्यात रो जातीच्या लहान हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० मीटरवर किमान १००० ज्यूल आणि त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी किमान २००० ज्यूल असावी लागते. शिकारी साधारण किती अंतरावरून बार टाकेल याविषयीची त्या कायद्याची कल्पना या शंभर मीटरच्या आकड्यातच दडलेली दिसते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सुरुवातीला काही प्राण्यांची परवाना घेऊन शिकार करू दिली, तेव्हा वाहनातून, रात्री, जाळी किंवा विष वापरून आणि पाणवठ्यांवर शिकार करण्यास बंदी घातली होती. फेअर चेसच्या यादीशी नाते सांगणारी ही कलमे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांबरोबरच कालबाह्य झाली, आणि पल्ल्याचा प्रश्न येथे उभा राहण्यापूर्वीच शिकारीची वाट बंद झाली.

या दोन वंशावळी जेथे मिळतात तेथे नियमाचे रूप बदललेले दिसते. एकोणिसाव्या शतकात साधन आणि पद्धत यांची यादी करून भागत होते, कारण निषिद्ध गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या: सापळा, मशाल, होडी. अंतर तसे दिसत नाही. चारशे यार्डांवरचा एकच बार, जवळ जाण्याचा प्रत्येक मार्ग खुंटल्यावर टाकला तर एक आणि जवळ जाण्याचा कंटाळा म्हणून टाकला तर दुसरी कृती ठरतो. त्यामुळे हा नियम यार्डांत लिहिण्याचे प्रयत्न फसत आले आहेत, आणि आणखी जवळ जाता आले असते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याची जबाबदारी चाप ओढणाऱ्यावरच राहिली आहे.