फादर स्टीफन्स यांचे वडिलांस पत्र

‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स आपणांस परिचित आहेत, त्यांनी गोव्याहून लंडनला वडिलांस धाडलेले पत्र मात्र थोड्यांनीच वाचले असेल. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे निघाली. सारा उन्हाळा समुद्रावर गेला. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला. रेखांश मोजण्याचे साधन नव्हते. पक्षी पाहून नाविक अदमास बांधीत. पुढे अन्नपाणी खुंटले, सुजलेल्या हिरड्या कापाव्या लागल्या. दीडशेहून अधिक आजारी, सत्तावीस मृत. एरवीच्या मानाने ही हानी अल्पच, असे पुत्र लिहितो. पित्याला धीर देण्यासाठीच ना? २४ ऑक्टोबरला गोवे आले. ज्या मित्रासह रोमला जाण्याचा बेत होता, तो थॉमस पाउंड धर्मनिष्ठेपायी इंग्लंडात बंदिवासात होता. स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच निवर्तले.