बॅक कॉम्प्रेशन

नायगाव म्हटलं की मुंबईकराला दादरचं नायगाव आठवतं. हे ते नव्हे. भाईंदर सोडलं की लोकल खाडीच्या पुलावर येते, पाणजू बेट मागे पडतं आणि पलीकडच्या काठावर पहिलं स्टेशन लागतं, ते आमचं नायगाव. एकेकाळी मिठागरं आणि कोळीवाडा, आता पूर्वेला टॉवर आणि मालिकांचे सेट. हवेत मीठ मात्र तेवढंच. इथे सायकलची साखळीसुद्धा एका पावसाळ्यात गंजते. अशा गावात माझ्या मामाने १९८४ ची प्रीमियर पद्मिनी सांभाळली आहे, आणि तिच्या इंजिनाने आमच्या घरात एकदा जवळजवळ फाळणी केली होती.

झालं असं, की मामाने निवृत्तीच्या पैशातून इंजिनाचं संपूर्ण काम काढलं. बोअर मारलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळं. दीड महिन्याने गाडी गॅरेजमधून आली ती नवरीसारखी. ब्लॉकलासुद्धा रंग दिलेला. चारशे किलोमीटर होत नाहीत तोच खाली तेलाचं थारोळं, बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास, टॅपेट कव्हरच्या कडेने पाझर. गॅरेजवाला आधी म्हणाला, "रन-इन होऊ द्या." मग म्हणाला, "इंजिन परत उतरवावं लागेल, खर्च वेगळा." मामी म्हणाली, "भंगारात द्या एकदाची." मामा दोन दिवस जेवताना बोलला नाही.

ही गाडी नक्की काय आहे हे सांगितल्याशिवाय मामाचा हट्ट कळणार नाही.

सोलापूरचे वालचंद हिराचंद हे जहाजं, साखर, विमानं अशा सगळ्यात हात घातलेले गृहस्थ. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५३ च्या सुमारास स्पष्ट केलं, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे थांबू नये, गाडी इथेच बनवायची असेल तर बनवा. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला मांडलेला पसारा आवरला. प्रीमियर राहिली. फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' रूप आलं, सत्तरच्या दशकात तीच 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. पत्रा जवळपास तोच, पाटी बदलली. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, हा त्या काळचा शिरस्ता.

पण खरी गंमत बॉनेटखाली आहे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, चार सिलेंडर, १०८९ सीसी. ही मापं १९३७ सालची आहेत. दान्ते जकोसा हा फियाटचा तरुण इंजिनिअर, पुढे ज्याने छोटी फियाट ५०० घडवली. त्याच्या '५०८ सी' या गाडीत हे इंजिन पहिल्यांदा बसलं. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचं इंजिन. इटलीने ते कधीच मागे टाकलं, आपण कुर्ल्यात २००० च्या आसपासपर्यंत बनवत राहिलो. याची लाज वाटून घ्यायची की कौतुक करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लायसन्स राजने गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच ठेवला नाही, हे खरं. आणि याच इंजिनामुळे मुंबईत हजारो मिस्त्री तयार झाले, हेही खरं. जे यंत्र साठ वर्षं बदलत नाही, ते माणसं पाठ करतात.

अशाच एका पाठांतरवाल्याकडे मामा शेवटी गेला. आयुष्यभर मुंबईत टॅक्सी दुरुस्त करून, स्वस्त घर मिळालं म्हणून नायगावला राहायला आलेला म्हातारा मिस्त्री. मुंबईने अशी किती माणसं खाडीपलीकडे पाठवली असतील! तो आला, गाडी चालू करायला लावली, ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि त्यावर तळहात धरला. भक्-भक् धूर.

"बॅक कॉम्प्रेशन मारतेय," तो म्हणाला.

"म्हणजे रिंगा गेल्या?" मामाचा चेहरा उतरला.

"थांबा हो साहेब. आधीच रडू नका."

'बॅक कॉम्प्रेशन' हा शब्द इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नाही, गॅरेजमध्ये आहे. सिलेंडरमध्ये स्फोट झाला, की सगळा वायू पिस्टनला ढकलण्यात खर्ची पडत नाही. थोडासा रिंगांच्या फटींतून खाली, तेलाच्या टाकीकडे निसटतो. इंजिन कितीही चांगलं असो, हे होतंच. नव्या रिंगा बोअरमध्ये बसेपर्यंत तर जरा जास्तच. या वायूला बाहेर पडायला एक वाट लागते. ती म्हणजे ब्रीदर, इंजिनाचं नाक. ते चोंदलं की आत दाब वाढतो, आणि दाबाला जिथे सापडेल तिथून तो तेल घेऊन बाहेर येतो. पॅकिंगमधून, सीलमधून, डिपस्टिकच्या भोकातून.

मिस्त्रीने चारही प्लग काढून एकेका सिलेंडरचं कॉम्प्रेशन गेजवर पाहिलं. चारही आकडे जवळपास सारखे. म्हणजे रिंगा ठीक. मग ब्रीदरची रबरी नळी उपसली. आतून ती चिकटून चपटी झाली होती, आणि पुढची जाळी जुन्या काळ्या गाळाने गच्च. बाहेरून रंग, आतून राख. गॅरेजवाल्याने नवे पिस्टन घातले होते आणि पन्नास रुपयांची नळी जुनीच ठेवली होती.

नळी काढून गाडी परत चालू केली. तळहाताखालचा तो धक्का गेला, नुसती फुंकर उरली. मामाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ते निदान त्यानेच केलं होतं.

गाळ कुठून आला? हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात नायगाव आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. हो, पाणी, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं निसटत्या वायूबरोबर खाली उतरतं. इंजिन नीट तापलं तर ती वाफ ब्रीदरमधून निघून जाते. पण मामाची गाडी वर्षानुवर्षं घर ते स्टेशन, स्टेशन ते मच्छीबाजार, एवढीच फिरली. दोन किलोमीटरमध्ये इंजिन कोमट होतं न होतं तोच बंद. वाफ आतच थिजायची, तेलात मिसळून पांढरट लोण्यासारखी व्हायची, आणि त्याचाच पुढे गाळ. ज्या गाडीला आम्ही जपून वापरतो म्हणून मिरवत होतो, तिला आम्हीच गुदमरवत होतो.

जुन्या काळी जगभर या वायूची वाट अगदी साधी होती. एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली. गाडी चालली की वाऱ्याने आपोआप ओढ लागायची. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिस धुरक्याने कोंडलं, तेव्हा हागेन-स्मिट नावाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की मोटारींचा अर्धवट जळलेला इंधनवायू उन्हात शिजून ते धुरकं बनतं. (हा माणूस त्याआधी अननसाच्या वासावर संशोधन करत होता.) मग लक्षात आलं, की त्या वायूचा चांगला चौथा-पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, या बिनचेहऱ्याच्या नळीतून येतो. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात ती नळी रस्त्याऐवजी परत इंजिनाच्या श्वासात जोडली गेली, दोन वर्षांत साऱ्या अमेरिकेत. मोटारीच्या प्रदूषणावरचा पहिला कायदेशीर इलाज सायलेन्सरचा नव्हता, या नळीचा होता.

मुंबईची पाळी उशिरा आली. १९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या रहिवाशांची याचिका उच्च न्यायालयात गेली, लाल समिती बसली, आणि जुन्या टॅक्स्यांना सीएनजी घ्यावा लागला. १९३७ चं ते इंजिन आता डिकीतल्या सिलेंडरवर धावू लागलं. आमचा मिस्त्री सांगतो, त्या दोन-तीन वर्षांत त्याने इतक्या कार्बोरेटरवर मिक्सर बसवले, की घरी स्वप्नातही जेट दिसायचे. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेने ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी तुम्हीही बहुधा एखादी स्टोरी टाकली असेल. मिस्त्रीने काही टाकलं नाही. त्याच्याकडे साधा फोन आहे.

तर, नवी नळी, धुतलेली जाळी, टॅपेट कव्हरला नवं कॉर्कचं पॅकिंग. मग ट्यूनिंग. आधी टॅपेट, फीलर गेजने. पातं ओढताना लोण्यातून सुरी जावी तसं नाही, थोडं अडावं. मग पॉइंट घासून गॅप. मग टायमिंग, आणि शेवटी कार्बोरेटर. हा क्रम मोडायचा नाही. पॉइंट चुकीचे असताना कार्बोरेटरचा स्क्रू फिरवणं म्हणजे ताप मोजायच्या आधीच गोळी देणं. मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. मग सायलेन्सरच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा कपटा धरला. कपटा सारखा बाहेर ढकलला जात होता. मध्येच आत ओढला गेला असता तर मिसिंग. वसई फाट्यापर्यंत एक फेरी मारून आल्यावर प्लग काढले. टोक दुधाच्या चहाच्या रंगाचं. काळं असतं तर पेट्रोल जास्त, पांढरं असतं तर कमी.

"आता घाटात चालेल?" मामाने विचारलं.

"फडकं ठेवा बरोबर."

जुन्या फियाटवाल्यांना हे फडकं माहीत आहे. खंडाळ्यात किंवा कसाऱ्यात इंजिन तापलं, की पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि गाडी मरते. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि पंधरा मिनिटं डोंगर बघत बसायचं.

त्यानंतरची भानगड नवी आहे. पेट्रोलमधून शिसं २००० मध्ये गेलं, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट झिजायची भीती होती. मामाने कामात कडक सीट बसवून घेतल्या होत्या. आता २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. ते जुनं रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढतं, आणि स्वतःत ऑक्सिजन बाळगत असल्याने मिश्रण पातळ करतं. नायगावच्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीला हे तिन्ही बाधतं. मागच्या पावसाळ्यात पंपाचा डायफ्राम गेला. मिस्त्रीने नवा टाकला, जेट एक माप मोठा केला, प्लग पुन्हा चहाच्या रंगावर आणले.

मामाला त्याने एक पथ्यही घालून दिलं आहे. आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर काढायची आणि किमान तीस किलोमीटर न थांबता पळवायची, म्हणजे आतली वाफ निघून जाईल. म्हणून दर रविवारी सकाळी सहाला मामा आणि मामी विरार फाट्याच्या पुढे जाऊन चहा पिऊन येतात. भंगारात द्या म्हणणारी मामी आता शनिवारी रात्रीच थर्मास धुऊन ठेवते. तिचं म्हणणं, टपरीवरच्या चहाला साखर फार असते.