कुळांचा पक्ष

एकच पक्ष पिढ्यान्‌पिढ्या सत्तेवर राहिला याचे उदाहरण विचारले, की आम्ही प्राध्यापक मंडळी लगेच स्वीडनकडे धावतो. तिथल्या समाजवादी लोकशाहीवाद्यांनी, मधले थोडे महिने सोडले तर, १९३२ पासून १९७६ पर्यंत सरकार चालवले. पण इतके लांब कशाला जायचे? आपल्या अलिबाग-पेणच्या पट्ट्यात शेतकरी कामगार पक्षाचा जम असाच दीर्घकाळ टिकला. मुंबईच्या विधानसभेत त्याला बहुमत कधी मिळाले नाही. इथल्या गावांत मात्र ‘लाल बावटा’ एवढे म्हटले की पुरे होई.

हे कशामुळे झाले, ते भातशेतीत पाहावे लागते. खोत हा मुळात सरकारचा सारा गोळा करणारा. हळूहळू तो गावाचा धनीच होऊन बसला. खाडीचा बांध घालायचा कुळाने, उधाणाने फुटला तर बांधायचा कुळाने, खारे पाणी शिरून पीक गेले तर नुकसान कुळाचे. खोताचे भात मात्र मोजून द्यायचे, आणि वर वेठबिगारही करायची. शेवटी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी ठरवले, की खोताची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावे संपात उतरली.

आता याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गिरणी कामगार संपावर गेला की मालकाचे यंत्र थांबते. शेतकरी संपावर गेला की आधी त्याच्याच चुलीवरचे मडके रिकामे होते. तरीही लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून ही माणसे १९३९ पर्यंत तग धरून राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले, आणि १९३७ मध्ये खोती मोडण्याचे विधेयक त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. १९३९ साली पहिला कुळकायदा झाला. दुबळा होता, पण कूळ म्हणून माणसाचे नाव कायद्यात आले.

पक्ष जन्माला आला तो यानंतर. शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी १९४७ मध्ये काँग्रेसच्या आतच संघ काढला, १९४८ मध्ये ते बाहेर पडले, आणि १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवाद स्वीकारला. मोरे, जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतलेही. आमच्या किनाऱ्यावर मात्र दाभाडीचा प्रबंध फार थोड्यांनी वाचला असेल. इथे लोकांना कळे ते चरी. कागदावर क्रांती आणि व्यवहारात मतपेटी, कायदा, जिल्हा परिषद असा हा पक्ष होता. म्हणूनच मला तो मॉस्कोपेक्षा स्वीडनच्या जवळचा वाटतो.

१९५२ मध्ये कुलाब्यातून काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख लोकसभेवर गेले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, आणि १९५७ मध्ये ही जागा शेकापकडे आली. त्याच वर्षी १ एप्रिलला कूळ कायद्याने कसत्या जमिनीचा मालक ठरला. म्हणजे ज्यासाठी चरीत उपास काढले ते हाती आले. आणि पक्षापुढची खरी अडचण इथूनच सुरू होते. कूळ मालक झाला. आता त्याने बावट्याखाली कशासाठी यावे?

उत्तर आयतेच समोर आले. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि पनवेल-उरणची जमीन नव्या शहरासाठी घेतली जाऊ लागली. आजोबांनी खोताकडून सोडवलेली जमीन नातवाकडून सरकार मागू लागले. जासईचे दि. बा. पाटील या लढ्याचे पुढारी. जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच माणसे पडली. त्याच वर्षीच्या अखेरीस देशभर काँग्रेसची लाट असताना कुलाब्याने दि. बां.ना निवडून दिले! या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. माझ्या मते हा विजय मोठा, पण त्यातच पक्षाची झीजही होती. शेताचा प्लॉट झाला, आणि प्लॉटवाल्याला कुळांच्या पक्षाची गरज उरली नाही. शिवाय पुढारीपण अलिबागेत एकाच घराण्यात राहिले, हेही सांगितले पाहिजे.

पेणमध्ये २००८ साली विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची का, यावर गावांचे मत घेतले गेले, तेव्हा जुनी धग पुन्हा दिसली. तो प्रकल्प उभा राहिला नाही. २०१९ च्या विधानसभेत मात्र अलिबाग आणि पेण या दोन्ही जागा पक्षाच्या हातून गेल्या.

शिक्षकांना एक सुचवतो. तलाठ्याकडे आपल्या गावचे जुने फेरफार मागा आणि ‘३२ ग’ची नोंद शोधा. कुळाने जमिनीसाठी द्यायची खरेदीची किंमत ठरली ती हीच नोंद. मुलांना आपल्या पणजोबांचे नाव तिथे पुष्कळदा सापडेल.